ओवीच्या कानामागचा ठिपका

हसायचं नाही, असं आधी कबूल करा. अहो, तुम्ही तर आत्ताच हसताय! कबूल? बरं, मग चहा ओता आणि ऐका. माणूस स्वतःच्या हाताने स्वतःची किती शोभा करून घेऊ शकतो, त्याचा नमुना तुमच्यासमोर बसलाय.

मी सुहास. वय एक्केचाळीस, राहणार नवीन पनवेल. नोकरी बंदरावरच्या मालाची कागदपत्रं तयार करणाऱ्या कंपनीत. एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तरी कंटेनर आठ दिवस अडकतो, अशातलं काम. त्यामुळे बारीक बघायची, मोजायची, लिहून ठेवायची सवय अंगात मुरलेली. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

घरात आम्ही चौघं. मी, माझी बायको मेधा, पहिलीत जाणारी आमची ओवी आणि माझे वडील, आबा. आई दोन वर्षांपूर्वी गेली. आबा तळोज्याच्या एका केमिकल फॅक्टरीत सेफ्टी सुपरवायझर होते. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण अजून घरात कोणी स्टुलावर चढलं की आतून आवाज येतो, "एकाने स्टूल धरा!"

आणि विज्ञानवादी किती? तर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणी ग्रहण म्हणो, अमावस्या म्हणो, आबांचे दोन शब्द ठरलेले. "पुरावा काय?" गेल्या वर्षी मी नव्या गाडीला लिंबू-मिरची बांधायला निघालो, तर या माणसाने मला पार्किंगमध्ये पंधरा मिनिटं उभं करून भाषण दिलं. शेवटी वॉचमनने टाळ्या वाजवल्या. लिंबाचं घरी येऊन सरबत झालं.

तर मार्चमधला बुधवार. मेधा ऑफिसच्या ट्रेनिंगसाठी आठवडाभर बंगळूरला गेलेली. ओवीच्या शाळेत पालकसभा होती, म्हणून मी गेलो. तिथे पनवेलमधल्याच एक त्वचेच्या डॉक्टरबाई आल्या होत्या. विषय काय, तर मुलांना उन्हापासून जपा, म्हणजे पुढे मोठेपणी त्वचेच्या कॅन्सरचा धोका कमी होतो.

कॅन्सर! शब्द ऐकला आणि मी खुर्चीत ताठ झालो. मोबाइल काढला, मुद्दे टिपायला लागलो. लहानपणी अंगावर घेतलेलं ऊन कातडी विसरत नाही. दहा ते चार शक्यतो सावलीत. टोपी, तीसुद्धा कान झाकणारी. पूर्ण बाह्यांचे सुती कपडे. सनस्क्रीन लावायचं ते उन्हात जायच्या अर्धा तास आधी, आणि दर दोन तासांनी परत. मग सहावा मुद्दा आला. महिन्यातून एकदा मुलांचं सगळं अंग नीट बघत जा. तळवे, तळपाय, नखं, कानामागे. एखादा तीळ आकार बदलतोय, कडा वेड्यावाकड्या होतायत असं वाटलं, तर दाखवा.

आणि सातवा मुद्दा.

सातव्या मुद्द्याला वडे आले. गरम! सोबत लसणाची चटणी. आता तुम्हीच सांगा, संध्याकाळचे साडेपाच, पोटात दुपारच्या दोन चपात्या आणि भाजी. मी वड्याकडे वळलो. सातवा मुद्दा काही माझ्या कानावर आला नाही. पुढचं सगळं रामायण त्या एका वड्याने घडवलं.

घरी आलो तो थेट टॉर्च घेऊन. ओवी पलंगावर पालथी पडून हत्ती रंगवत होती.

"बाबा, काय शोधतोयस?"

"काही नाही, तू रंगव."

तळवे बघितले, ठीक. तळपाय, धुळीने माखलेले, पण ठीक. नखं, त्यात थोडी माती, पण ठीक. मग केस बाजूला केले, उजवा कान हळूच पुढे वाकवला आणि टॉर्च तिथेच थांबला.

काळाकुट्ट डाग! एका बाजूने गोल, दुसऱ्या बाजूने पसरलेला. कडा वेड्यावाकड्या. सहावा मुद्दा जसाच्या तसा माझ्या पोरीच्या कानामागे बसलेला. आणि मी, जो परक्याच्या कागदातला स्वल्पविराम पकडतो, त्याने स्वतःच्या मुलीच्या कानामागे कधी बघितलंच नव्हतं. 

"ओवी, इथे दुखतं का गं?"

"नाही."

"खाजतं?"

"नाही."

"मग काहीच होत नाही?"

तिने ब्रश तोंडात धरून विचार केला. "गुदगुल्या होतात. सकाळी."

एवढं बोलून तिने पटकन तोंडावर हात ठेवला आणि बाहेर पेपर वाचणाऱ्या आबांकडे बघितलं. बिचारी! आजोबांना कळू नये म्हणून दुखणं लपवतेय, असं मला वाटलं. मला गहिवरून आलं. मी मोबाइलमध्ये नोंद केली, 'संवेदना: सकाळच्या वेळी.'

आता तुम्ही म्हणाल, हात लावून बघायचा की. नाही लावला! डाग छेडला तर तो चवताळतो, असा एक मुद्दा मी आपल्याच मनाने त्या सहामध्ये घुसडला होता. मी तिची कंपासपेटी काढली आणि पट्टी हवेत धरून लांबूनच माप घेतलं. पाच मिलिमीटर. फोटो काढला.

गुरुवारी संध्याकाळी सहा मिलिमीटर. लांबट. शुक्रवारी चार, पण दोन ठिपके, एक मोठा आणि त्याला चिकटून एक पिल्लू. डॉक्टरबाईंची अपॉइंटमेंट गुरुवारी सकाळीच मागितली होती, तर मिळाली सोमवारची. म्हणजे चार दिवस! या चार दिवसांत मी काय करावं? नुसतं बसून राहायचं?

छे! मी युद्ध पुकारलं. सकाळी सात वाजता, शाळेच्या बसपाशी, ओवीला सनस्क्रीन. थोडंथोडकं नाही, अर्धी ट्यूब. भिंतीला पुट्टी लावावी तसं. वर टोपी, टोपीवर ओढणी, डोळ्यांवर मेधाचा गॉगल. बसमधल्या मावशींनी दार उघडलं आणि तिला बघून दोन पायऱ्या मागे सरकल्या.

"अहो साहेब, आज स्नेहसंमेलन आहे का?"

"नाही. ऊन आहे."

मावशींनी आभाळाकडे बघितलं. सूर्य अजून समोरच्या बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीमागे जांभया देत होता. बस एसी, खिडक्यांना पडदे. पण बोलणार कोण?

माझी भूक गेली होती. मेधाला सांगायचं नाही, ट्रेनिंगमध्ये टेन्शन नको. आबांना तर मुळीच नाही, त्यांना बीपी. एकटाच आत कुढत होतो. शुक्रवारी सकाळी निघताना आबा दारात आले. आयुष्यात ज्यांनी कधी पाठीवर हात ठेवला नाही, ते म्हणाले, "थांब. कॉलर वाकडी आहे." त्यांनी स्वतःच्या हाताने माझी कॉलर सारखी केली, मानेवरून बोट फिरवलं. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. त्या दिवशी ऑफिसात फळ्यावर आकडे लिहीत होतो, तर मागची मंडळी उगाचच खुसुखुसू हसत होती. मला कसलं भान?

शनिवारी दुपारी बारा वाजता ओवीचा पोहण्याचा तास. बाराचा का, तर तेव्हा तलाव रिकामा असतो. हो हो, दहा ते चार माझ्याही मोबाइलमध्ये लिहिलेलं होतं! पण पाण्यात कसलं आलंय ऊन, असं मला वाटलं.

आबांना नाही वाटलं. "बाराला? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" म्हणत ते काळी छत्री घेऊन सोबत आले. ओवी पाण्यात पोहतेय आणि आबा काठाने, हात लांब करून, तिच्यावर छत्री धरून चालतायत. ती वळली की हे वळतात. कोचने शिट्टी मारली, "काका, बाजूला व्हा!" आबा म्हणाले, "तू आधी सावलीत हो!"

पोहून आली, केस पुसता पुसता मी हळूच कानामागे डोकावलो. डाग गायब! साफ! मी तिथेच, तलावाच्या काठावर, देवाला हात जोडले. घरी जाताना अर्धा किलो जिलबी घेतली. आबांनी विचारलं, "कशाबद्दल?" मी म्हटलं, "सहज." चार दिवसांनी पहिल्यांदा पोटभर जेवलो.

रविवारी सकाळी आबा म्हणाले, चला, करंजाला जाऊन ताजी मासळी आणू. मी खुशीत गाडी काढली. बंदरावर पोचलो, ओवीला उचलून खाली घेतली, वाऱ्याने तिचे केस उडाले आणि मला दिसलं.

डाग डाव्या कानामागे! आणि केवढा? शर्टाच्या बटणाएवढा!

पसरला! एका दिवसात, उजवीकडून डावीकडे, डोक्याच्या आतून! मी गॉगल, टोपी, ओढणी सगळं एकदम तिच्यावर चढवायला लागलो. ऊन, ऊन, असं काहीबाही बडबडत होतो. शेजारी बांबूच्या मांडवावर बोंबील वाळत घातलेले, आणि त्यांच्या सावलीत, डोक्यावरून पदर घेतलेली एक कोळीणमावशी बसली होती. तिची दोन नातवंडं तिथेच तिच्या मागे गोट्या खेळत होती.

"काय झाला वो दादा?"

"पोरीला ऊन लागू नये म्हणून…"

"मंग सावलीत बसवा ना तिला. आमी उन्हात बोंबील सुकवतो, पोरां नाय!" मग तिने ओवीला जवळ ओढलं, केस मागे सारले आणि हसली. "आनि हिच्या कानामागं तर हाय की. मंग तुमी कशाला एवढं घाबरताव?"

"कानामागे आहे म्हणूनच घाबरतोय!" मी जवळजवळ किंचाळलो.

तेवढ्यात आबा घाईघाईने मध्ये घुसले. "बोंबील कसे दिले, बाई? ओले आहेत का? दाखवा, दाखवा." माझ्या बापाने उभ्या जन्मात बोंबील खाल्लेला नाही. तरी त्या दिवशी आम्ही दोन किलो घेऊन आलो.

आता तुम्ही माझ्याकडे असं काय बघताय? तुम्हाला कळलं असेल, मान्य. त्या कोळणीला कळलं, बोंबलांनाही कळलं असेल. मला नाही कळलं! भीती माणसाला आंधळं करते आणि वर हातात पट्टी देते.

सोमवारी सकाळी आबांना सांगितलं, ओवीच्या डोक्यात कोंडा झालाय, डॉक्टरकडे नेतो. आबा म्हणाले, "मीही येतो." निघताना पुन्हा थांबवलं, "कॉलर." पुन्हा मानेवरून बोट. मी मनात म्हटलं, आबा, तुम्हाला काय कल्पना आपल्या घरावर काय आलंय!

डॉक्टरबाईंसमोर मी फाइल ठेवली. सतरा रंगीत फोटो, खाली तारखा, मापं, सगळं टाइप केलेलं. त्यांनी चष्मा सारखा करून वाचायला सुरुवात केली.

"गुरुवार, सहा मिलिमीटर, लांबट. शुक्रवार, पिल्लू… पिल्लू? शनिवार, गायब. रविवार, डावीकडे स्थलांतर." त्यांनी मान वर केली. "स्थलांतर?"

"हो मॅडम. पसरलंय." माझा आवाज फाटला.

आबा खुर्चीतून उठले. "काय पसरलंय? कोंडा?"

"आबा, तुम्ही बाहेर बसता का जरा?"

"सुहास, काय पसरलंय?"

लपवून काय उपयोग होता? "ओवीच्या कानामागे डाग आहे. मला वाटतंय… कॅन्सरचा."

आबांचा चेहरा पांढराफटक पडला. हात आपोआप खिशावर गेला. मी त्यांना धरायला पुढे झालो. पण ते बीपी नव्हतं हो! ते वेगळंच काहीतरी होतं. फॅक्टरीत गॅस गळायला लागला आणि वाल्व आपणच उघडा ठेवला होता हे आठवलं, तर सेफ्टी सुपरवायझरचा चेहरा कसा होईल, तसा.

डॉक्टरबाईंनी भिंग घेतलं. डावा कान. बघितलं. पुन्हा बघितलं. त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. मग त्यांनी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला आणि एकदा फिरवला.

कान स्वच्छ. बोळा काळा.

"काजळ आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तीट! कोण लावतं गं तुला?"

ओवीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "ते सीक्रेट आहे," ती बोटांच्या फटीतून म्हणाली आणि आबांकडे बघितलं. मग मी आबांकडे बघितलं. नर्सने आबांकडे बघितलं.

आबा खाकरले. त्यांनी छाती पुढे काढली आणि म्हणाले, "पुरावा काय?"

डॉक्टरबाईंनी बोळा वर धरला.

पार्किंगमधला लिंबू माझ्या डोळ्यांसमोर आला. पंधरा मिनिटं! माझ्या लिंबू-मिरचीवर भाषण आणि यांच्या खिशात काजळाची डबी? मी बोलायला तोंड उघडलं, तोवर आबांनी खरंच खिशातून डबी काढली. पितळेची, झाकण चेपलेलं. आईची.

"माझा नाहीये विश्वास," ते डॉक्टरबाईंना म्हणाले, माझ्याकडे न बघता. "हिच्या आजीचा होता. जाताना मला म्हणाली, पोरीला रोज लावत जा. मी म्हटलं, वेडी आहेस का. म्हणाली, तुम्ही हेल्मेट घालूनसुद्धा सेफ्टी बेल्ट लावायचात ना, तसंच समजा. तेव्हापासून लावतो. घरातून निघायच्या आधी, रोज. ज्या हातात दप्तर नाहीतर पिशवी नसेल त्या हाताने."

स्थलांतराचं कारण म्हणजे रविवारची मासळीची पिशवी! मला हसू येत होतं आणि आईची ती डबी बघून रडूही येत होतं. दोन्ही एकदम आल्यामुळे मी नुसताच शिंकलो.

"शाळेत आला होतात ना तुम्ही?" डॉक्टरबाई मला म्हणाल्या. "शेवटी काय सांगितलं होतं मी? लहान मुलांमध्ये हा आजार फार फार क्वचित दिसतो. बघत जा, काळजी घ्या, पण घाबरून जाऊ नका."

सातवा मुद्दा! मला तो वडा आठवला.

"बरं, सनस्क्रीन लावता?"

"अर्धी ट्यूब! रोज सकाळी सातला!" मी ताठ मानेने सांगितलं.

"सातला कुठे जाते ती?"

"एसी बसमध्ये," ओवी म्हणाली. "आणि शनिवारी बारा वाजता पोहायला. तेव्हा बाबा लावतो एकदा, पण ते पाण्यात जातं. आबा छत्री धरतात."

डॉक्टरबाईंनी बोटांवर मोजलं. "म्हणजे सावली आजोबा करतात, बाराच्या उन्हात बाबा नेतो, आणि फाइल आजोबांच्या काजळाची करतो." त्यांनी फाइल मिटून माझ्याकडे सरकवली. "पोहण्याचा तास संध्याकाळचा घ्या. आणि तुम्ही स्वतः काय लावता? उन्हात उघड्या मानेने फिरता ना? मुलं बघून शिकतात. जरा वळा बघू… हं. हा किती दिवसांपासून आहे?"

"कोणता?"

"हा. उजव्या कानामागचा. बराच काळा आहे."

अहो, काय सांगू! कानात घंटा वाजायला लागल्या. चार दिवस लेकीचं रक्षण करत होतो आणि आजार माझ्या मागे दबा धरून बसला होता! विम्याचे कागद कुठल्या कपाटात आहेत, मेधाला कसं सांगायचं, ओवीचं लग्न कोण करणार, एवढं सगळं एका श्वासात येऊन गेलं. मी टेबल घट्ट धरलं.

"मॅडम, जे असेल ते स्पष्ट सांगा."

मानेवर काहीतरी गार लागलं. डॉक्टरबाईंनी दुसरा बोळा माझ्या नाकासमोर धरला. काळा!

आबा छतावरच्या पंख्याकडे बघत होते.

"चार दिवस तोंड उतरलं होतं याचं," ते पंख्याला म्हणाले. "जेवत नव्हता. म्हटलं, लागली असेल कुणाची तरी."

म्हणजे शुक्रवारी! फळ्याकडे तोंड करून, सगळ्या ऑफिसकडे पाठ करून, मी तासभर आकडे लिहीत होतो, आणि कानामागे बाळासारखी तीट! नर्स तोंडात रुमाल कोंबून बाहेर पळाली. ओवी मात्र खूश. "बाबा, तुझं पण सीक्रेट होतं!"

मंगळवारी मेधा आली. मी सतरा फोटो दाखवले, सगळं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "मला दोन वर्षांपासून माहितीये. एक फोन करायचास. नाहीतर बोट ओलं करून पुसून तरी बघायचंस." मी मुकाट्याने स्वयंपाकघरात गेलो. बोंबील तळायला घेतले.

आता आमच्याकडे सगळं रीतसर चालतं. पोहणं संध्याकाळी पाचनंतर. टोपी कान झाकणारी, माझ्यासकट चौघांना. सनस्क्रीन माझ्याकडे, तीट आबांकडे. आबा ग्रुपवर अजूनही लोकांना पुरावा मागतात, मी फक्त खाली कानाची इमोजी टाकतो.

आणि माझं विचाराल, तर मी एक्केचाळीस वर्षांचा शहाणासुरता माणूस आहे, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. फक्त हल्ली सकाळी घरातून निघताना मी कॉलर मुद्दाम वाकडी ठेवतो.